अनोळखी गर्दी, ओळखीचा रस्ता

मराठी समीक्षेत 'छायाचित्रण' हा शब्द दीर्घकाळ दोषवाचक म्हणून वापरला गेला आहे. एखाद्या कथेत तपशील पुष्कळ आहेत, पण त्यांच्यामागे दृष्टी नाही असे सांगावयाचे असले, की 'हे वास्तवाचे केवळ छायाचित्रण आहे' असे म्हणून समीक्षक मोकळा होतो. या विधानात दोन गृहीतके दडलेली आहेत. कॅमेरा हे यंत्र असल्यामुळे ते समोरचे जसेच्या तसे उचलते, हे पहिले. आणि जसेच्या तसे उचलणे ही निवडीच्या, म्हणजेच विचाराच्या आधीची अवस्था होय, हे दुसरे. चित्रकार 'पाहतो', कॅमेऱ्याला फक्त 'दिसते', असा हा भेद आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'विषयी (१९४९) बोलताना 'व्यक्तिचित्र' हा गौरवाचा शब्द ठरतो. त्याच 'चित्रा'ला 'छाया' चिकटली की त्याची पायरी उतरते.

भाषा मात्र समीक्षेपेक्षा अधिक जाणती आहे. मराठीत फोटो 'काढतात'. चित्रही काढतात, विहिरीचे पाणी काढतात आणि दूरच्या माणसाची आठवणही काढतात. आत असलेले, आपोआप वर न येणारे काही प्रयत्नाने बाहेर आणणे हा या क्रियापदाचा गाभा आहे. थोड्या संस्कारित मराठीत छायाचित्र 'टिपतात'. पाखरू दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, पदराच्या टोकाने डोळे टिपले जातात आणि शिकारी नेम धरून सावज टिपतो. निवड, शोषण, सांत्वन आणि हत्या या चार गोष्टी एका क्रियापदात नांदत आहेत. रस्त्यावरच्या छायाचित्रणाची सारी तात्त्विक चर्चा या चार अर्थांच्या मर्यादेत करता येईल, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

रस्त्यावरचे छायाचित्रण म्हणजे रस्त्याचे छायाचित्रण नव्हे. बातमीच्या छायाचित्राला घटना लागते. पर्यटकाच्या छायाचित्राला स्थळ लागते. स्टुडिओतल्या छायाचित्राला प्रसंग लागतो. या प्रकाराला यांपैकी काहीच लागत नाही. कोणी तरी रस्ता ओलांडतो आहे, कोणी सायकलची साखळी बसवतो आहे, कोणी कशाचीच वाट न पाहता उभा आहे. एवढ्या भांडवलावर ही कला उभी राहते. तिच्यातला विचार विषयात नसतो, तो संबंधात असतो. रस्त्यावर एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या दोन गोष्टी चौकटीत शेजारी येतात आणि त्या शेजारामुळे दोहोंना अर्थ प्राप्त होतो. ही क्रिया रूपकाच्या क्रियेहून फार वेगळी नाही. शिवाय छायाचित्रकार दोनदा पाहतो: एकदा रस्त्यावर, आणि दुसऱ्यांदा, पुष्कळ दिवसांनी, काढलेल्या शेकडो चित्रांतून एक ठेवताना. उरलेली चित्रे तो का टाकतो या प्रश्नाच्या उत्तरात त्याची जीवनदृष्टी सापडते. 'केवळ छायाचित्रण' असे काही नसते, हे एवढ्यावरूनही ध्यानात यावे.

या कलेचा जो सिद्धान्त पश्चिमेत घडला तो महानगरात घडला. बोदलेरचा आधुनिक जीवनाच्या चित्रकारावरचा प्रसिद्ध निबंध १८६३ सालचा. गर्दीत मिसळून, कोणालाही न कळता गर्दी पाहणारा एक रिकामटेकडा, तीक्ष्ण नजरेचा भटक्या त्या निबंधाने यूरोपीय विचाराला दिला. वॉल्टर बेंजामिनने पुढे याच भटक्याला भांडवली शहराचा साक्षीदार केले. आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२ सालच्या पुस्तकाचे इंग्रजी नाव 'निर्णायक क्षण' या अर्थाचे आहे आणि तेच जगभर गाजले. परंतु मूळ फ्रेंच नावात निर्णय नाही की क्षण नाही. परवाना नसलेला फेरीवाला पोलिस येण्यापूर्वी ज्या चोरट्या घाईने माल विकतो, त्या घाईचा वाक्प्रचार त्या नावात आहे. वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या उतारूंची छायाचित्रे काढली ती कोटाखाली कॅमेरा दडवून. ती पुस्तकरूपाने यावयास १९६६ साल उजाडले. दडणे हा या परंपरेचा अपघाती भाग नाही. पाहणाऱ्याला कोणी ओळखत नाही आणि पाहिला जाणारा पाहणाऱ्याच्या ओळखीचा नाही, या दुहेरी अनोळखीपणावर ती उभी आहे.

मुंबईने हा अनोळखीपणा लवकर अनुभवला. बोदलेरचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. बाजार, पोशाख, वाहने, सण आणि नाना जातींची माणसे यांनी गजबजलेले हे मराठीतले रस्त्यावरचे पहिले मोठे पाहणे होय. त्याच साली विल्यम जॉन्सनच्या मुंबईतील 'पौर्वात्य वंश आणि जमाती' यांच्या छायाचित्रसंग्रहाचा पहिला खंड निघाला. त्यातील पुष्कळ माणसे मुंबईच्या रस्त्यांपुढे, देवळांपुढे, तलावांपुढे उभी दिसतात. प्रत्यक्षात ती तेथे उभी नव्हती. माणसांचे छायाचित्र एकीकडे काढलेले, स्थळाचे दुसरीकडे, आणि दोन्ही जोडून एक चित्र केलेले. कॅमेरा जसेच्या तसे उचलतो म्हणणाऱ्यांनी हा संग्रह अवश्य पाहावा. माडगांवकरांच्या गद्यात माणूस रस्त्यात मिसळलेला आहे. जॉन्सनच्या छायाचित्रात तो कापून रस्त्यावर चिकटवलेला आहे. त्या काळी लेखणी कॅमेऱ्याहून अधिक 'छायाचित्रणात्मक' होती, असा याचा अर्थ होतो.

पुढे रघुबीर सिंह यांच्या मुंबईवरच्या १९९४ सालच्या पुस्तकात कॅमेऱ्याने हे अंतर भरून काढले. दुकानाच्या काचेतले आतले जग आणि बाहेरचा रस्ता एकाच चौकटीत येतात, आणि कोण आत व कोण बाहेर हा प्रश्न आर्थिक होतो. हावड्याच्या पदपथावरील आरशांच्या दुकानाच्या त्यांच्या १९९१ सालच्या चित्रात तर रस्त्याचे तुकडे आरशाआरशांतून विखुरलेले आहेत. पाश्चात्त्य आधुनिकतेतला एकटेपणा आणि तिचा काळा-पांढरा उदास स्वर भारतीय रस्त्याला लागू पडत नाही, येथे रंग हाच विचार आहे, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यावर मतभेद होऊ शकतात. परंतु तेही ज्या रस्त्यांविषयी बोलत होते ते बहुतेक मोठ्या शहरांचे, गंगाकाठच्या तीर्थांचे किंवा प्रवासातल्या महामार्गांचे रस्ते होते. तेथे छायाचित्रकार येतो आणि जातो.

मग ज्या रस्त्यावर कोणीही अनोळखी नसतो, त्या रस्त्याचे काय करावयाचे?

ब्रह्मपुरी हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वैनगंगेच्या अलीकडे आहे. नदी ओलांडली की वडसा आणि गडचिरोली जिल्हा सुरू होतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला, तोपर्यंत हा सारा एकच चांदा होता. भाताचा हा मुलूख. रोवणीच्या दिवसांत बांध्यांतून वाकलेल्या बायांच्या रांगा, दिवाळीच्या सुमारास रचलेली धानाची पुंजणी, गावागावांतले मालगुजारी तलाव आणि बोड्या ही त्याची ओळख. गावात महाविद्यालये आहेत, कचेऱ्या आहेत, राइस मिली आहेत, दवाखाने आहेत. त्यामुळे सकाळी दहाच्या सुमारास रस्त्यावर विद्यार्थी, पक्षकार, रुग्णांचे नातेवाईक आणि आसपासच्या खेड्यांतून बाजाराला आलेली माणसे यांची सरमिसळ असते. ही गर्दीच आहे. परंतु ती बोदलेरची गर्दी नव्हे. या गर्दीतल्या प्रत्येकाला कोणी तरी ओळखते: नावाने, गावाने, जातीने, निदान कोणाचा कोण या नात्याने. पानठेल्यावर खर्रा घोटत उभा असलेला माणूस रस्ता पाहत असतो आणि रस्ताही त्याला पाहत असतो. कॅमेरा घेऊन आलेला माणूस मात्र या रस्त्यावरचा एकमेव अनोळखी. महानगरात तो गर्दीत अदृश्य होतो. येथे तो गर्दीतला सर्वांत ठळक माणूस ठरतो. 'कुठचे आपण?' हा पहिला प्रश्न छायाचित्रकार विचारत नाही, तो त्याला विचारला जातो. कोटाखाली कॅमेरा दडवून उपयोग नाही. कोट घालून आला यातच तो सापडला. मेच्या उन्हात तर अधिकच.

येथे 'ओळख' या शब्दाकडे थोडे थांबून पाहावयास हवे. मराठीत परिचय म्हणजे ओळख, स्वत्व म्हणजे ओळख, आणि पूर्वी पाहिलेले पुन्हा कळणे हेही ओळखणेच. या तीन गोष्टींसाठी ज्या भाषेत एकच शब्द आहे, त्या भाषेत परिचयाशिवाय स्वत्वाचे चित्र काढता येईल ही कल्पना मुळातच संशयास्पद वाटते. त्यात चौथा अर्थ शासनाने घातला. १९९३ पासून मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्रे देण्यास सुरुवात झाली, आणि आज या जिल्ह्यांतल्या एखाद्या म्हाताऱ्याचे एकच छायाचित्र कोठे असेल तर ते कोणत्या तरी ओळखपत्रावर असण्याचा संभव अधिक. नाक समोर, डोळे उघडे, मागे पांढरा पडदा. त्यात रस्ता नाही, हातातली कुऱ्हाड नाही, शेजारी नाही. जॉन्सनने माणूस कापून रस्त्यावर चिकटवला. ओळखपत्राने तो कापून कोठेच चिकटवला नाही.

या जिल्ह्यांची छायाचित्रे कमी निघाली असे मात्र कोणी म्हणू नये. उलट ती फार निघाली, फक्त तीनच प्रकारची. पहिला वाघ. ताडोब्याच्या वाघाची चित्रे जगभर जातात, आणि त्यांतली कितीतरी वाघ जंगलातला कच्चा रस्ता ओलांडत असतानाची असतात. रस्त्यावरच्या छायाचित्रणात चंद्रपूर जिल्ह्याने केलेली ही एवढीच प्रसिद्ध कामगिरी म्हणावी लागेल. दुसरा प्रकार हिंसेचा: जप्त केलेल्या बंदुकांची नीट मांडलेली ओळ, आत्मसमर्पण केलेल्यांची रांग, निवडणुकीत दुर्गम केंद्रावर बोटावरची शाई दाखवणारी आजी. तिसरा नृत्याचा: पारंपरिक वेशात, हातात हात गुंफलेली माणसे, कोणत्या तरी महोत्सवाच्या मंचावर. या तिन्ही प्रकारांत एक साम्य आहे. त्यांत मंगळवार नसतो. काहीही न घडणारा, शाळा-बाजार-दवाखाना-कचेरीचा, नुसता येऊन गेलेला दिवस त्यांत सापडत नाही. सुनील जाना यांच्यासारख्या थोर छायाचित्रकाराने भारतभरच्या आदिवासींची जी चित्रे काढली त्यांत शरीराचे वैभव आणि श्रमाची प्रतिष्ठा आहे; परंतु तीही पाहणाऱ्याला 'असे लोक आहेत' हे सांगतात, 'आज काय होते' हे सांगत नाहीत.

अपरिचितीकरणाचा सिद्धान्त मराठी समीक्षेत आता बराच रुळला आहे. रोज पाहून पाहून वस्तू दिसेनाशी होते. कलेने तिला अनोळखी करावे, म्हणजे ती पुन्हा दिसेल, असे व्हिक्टर श्क्लोव्हस्कीने १९१७ साली मांडले. रस्त्यावरच्या छायाचित्रणाचे समर्थन बहुधा याच आधारे केले जाते आणि पॅरिसच्या वा मुंबईच्या बाबतीत ते योग्यही आहे. परंतु हा सिद्धान्त ज्यांचे जीवन चित्रांतून, कथांतून, चित्रपटांतून अतिपरिचित झाले आहे त्यांच्यासाठी आहे. ज्यांना बाहेरच्या जगाने आधीपासून अनोळखीच ठेवले, ज्यांच्याविषयीचे प्रत्येक चित्र मुळातच 'वेगळे' म्हणून काढले गेले, त्यांना आणखी अनोळखी करून कोणते सत्य दिसणार? येथे कलेचे काम नेमके उलटे आहे. ब्रह्मपुरीच्या बसस्थानकावर मानव विकासच्या निळ्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुली, दप्तर पोटाशी धरून, कंटाळलेल्या, एकमेकींच्या वेण्यांशी चाळा करीत. त्या कोणत्याही तालुक्यातल्या मुलींसारख्या दिसणे, एवढेच त्या चित्राचे म्हणणे असू शकते आणि ते म्हणणे क्रांतिकारक ठरू शकते. सामान्य असण्याचा हक्क सर्वांना सारखा वाटलेला नाही. चिंतनशील छायाचित्रण तो हक्क परत मिळवून देऊ शकते. पण त्यासाठी त्याला आपल्या लाडक्या वैचित्र्याचा मोह सोडावा लागेल. हा मोह छायाचित्रकारांचाच आहे असे नाही. झाडीपट्टीतल्या लेखकाने झाडी बोलीत लिहिले की त्यात 'मातीचा गंध' हुंगणारी समीक्षा याच जातीची.

हे उलटे काम सोपे नाही, याचे एक कारण छायाचित्राच्या स्वभावातच आहे. ब्रह्मपुरी हे उन्हाळ्यात देशातल्या अतितप्त ठिकाणांच्या यादीत वारंवार येणारे गाव. पारा ४७ अंशांच्या घरात गेला की दुपारी रस्ता ओस पडतो. जो कोणी बाहेर असतो त्याने डोके-तोंड दुपट्ट्याने असे बांधलेले असते की फक्त डोळे दिसावेत. याच तालुक्यात जंगलाच्या कडेची अशी गावे आहेत, जेथे वाघाच्या भीतीने संध्याकाळ पडताच रस्ता ओस पडतो. आणि दिवाळीनंतर, नाटकाच्या रात्री, सारे गाव मंडपात असते म्हणूनही रस्ता ओस पडतो. तिन्ही रस्त्यांची छायाचित्रे काढली तर ती प्रकाशाचा फरक सोडता सारखीच निघतील. यूजीन आत्जेच्या पॅरिसमधल्या निर्मनुष्य रस्त्यांविषयी बेंजामिनने म्हटले होते की ते गुन्हा घडलेल्या जागेसारखे दिसतात, आणि लगेच त्याने चित्राखालच्या ओळीचे महत्त्व सांगितले होते. ऊन, भीती आणि उत्सव यांतला फरक चौकटीत मावत नाही. तो सांगण्यासाठी शब्द लागतात, आणि ते शब्द ज्याला ठाऊक असतात तो त्या गावाचा असतो किंवा त्या गावात पुष्कळ दिवस राहिलेला असतो. जे चित्र शब्दांवाचून पुरे होते असे पाश्चात्त्य परंपरा मानते, ते येथे परिचयावाचून अपुरे राहते.

दुसरे कारण पाहिल्या जाणाऱ्या माणसाच्या बाजूचे आहे आणि ते अधिक गंभीर आहे. ख्रिस्तोफर पिन्नी या मानववंशशास्त्रज्ञाने मध्य प्रदेशातील नागदा या गावातल्या छायाचित्रांचा अभ्यास करून १९९७ साली जे पुस्तक लिहिले, त्यात एक मार्मिक अनुभव आहे. त्याने शेजाऱ्याचे सहज, नैसर्गिक, सावलीतले, अर्ध्या अंगाचे छायाचित्र काढले. शेजाऱ्याला ते मुळीच आवडले नाही. त्याला हवे होते सरळ समोरून काढलेले, पूर्ण अंगाचे, स्थिर चेहऱ्याचे छायाचित्र. नकळत टिपलेल्या चेहऱ्यात माणूस 'खरा' असतो आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की 'खोटा' होतो, ही समजूत एका विशिष्ट संस्कृतीची आहे. रोलां बार्थलाही भिंग आपल्यावर रोखले आहे हे कळताच आपण दुसरेच कोणी होतो, याची खंत वाटत असे. नागद्याच्या शेजाऱ्याला ती खंत नाही. उलट दुसरे कोणी होण्याची, अधिक नीट होण्याची संधी म्हणूनच तो छायाचित्राकडे पाहतो. मराठीत 'फोटो काढणे' आणि 'फोटो काढून घेणे' ही दोन क्रियापदे आहेत, आणि दुसऱ्यात कर्तेपण समोर उभ्या असलेल्याकडे असते. आज ब्रह्मपुरीतल्या प्रत्येक तरुणाच्या खिशात कॅमेरा आहे. त्यातून निघणारी असंख्य छायाचित्रे पाहिली तर ती बहुतेक 'काढून घेतलेली' आहेत: समोर पाहणारी, सणाची, नव्या कपड्यांतली. त्यांना रस्त्यावरचे छायाचित्रण कोणी म्हणणार नाही. परंतु ती रस्त्यावरच काढलेली असतात, आणि आपल्या रस्त्यावर आपण कसे दिसावे याविषयी त्या रस्त्याचे काय मत आहे हे त्यांत स्पष्ट नोंदवलेले असते.

अनोळखीपणाचा त्याग करून रस्त्यावरचे छायाचित्रण उरते का, हा प्रश्न सुधारक ओलवे यांच्या कामाने मराठी मुलुखात आधीच विचारलेला आहे. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी काढलेली छायाचित्रे मॅनहोलमधली, कचऱ्याच्या ढिगांवरची, वस्तीतली, घरातली आहेत. हे कामगार मुंबईच्या रस्त्यावर रोज असतात आणि कोणालाही दिसत नाहीत. महानगराचा अनोळखीपणा त्यांच्या वाट्याला स्वातंत्र्य म्हणून आलेला नाही, तो अस्पृश्यतेचे नवे रूप म्हणून आलेला आहे. ओलव्यांनी त्यांना चोरून टिपले असते तर या अदृश्यतेत एका चोरट्या नजरेची भर पडली असती. दीर्घ सहवासातून त्यांनी ती चित्रे काढली, आणि त्यांतल्या माणसांना आपण पाहिले जात आहोत हे ठाऊक आहे. त्या ठाऊक असण्यामुळे चित्र कमी खरे झालेले नाही. त्यातल्या नजरेला उलट टोक आले आहे. येथे छायाचित्रण व्यक्तिचित्राच्या मराठी परंपरेला येऊन मिळते, हे समीक्षेने नोंदवायला हवे होते. ओलव्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. समीक्षेने त्यांना काय दिले, हे शोधावे लागेल.

याहून विलक्षण प्रयोग राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला झाला. तोही वनप्रदेशच, आणि तेथेही बाहेरून येणारा कॅमेरा बोहाडा आणि वारली चित्रे यांपलीकडे सहसा जात नाही. बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे घालून माणसे नाचतात. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ च्या सुमारास सुभाष आणि भगवान धर्मा कडू या बंधूंना व त्यांच्या सहकारी कलाकारांना विनंती केली ती देवांचे मुखवटे करण्याची नव्हे. आजच्या जगण्यातली माणसे, वये, भाव, प्राणी, वस्तू यांचे मुखवटे करण्याची. मग ते मुखवटे घालून गावातल्या माणसांनी आपापली रोजची कामे केली, घराशी, दुकानात, दवाखान्यात, आणि गिल यांनी ती चित्रे काढली. यात मांडणी आहे, पूर्वसंकेत आहे. शुद्धतावादी हे रस्त्यावरचे छायाचित्रण मानणार नाही. तरीही या कलेचा मूळ प्रश्न येथे इतरत्र कोठेही सुटला नसेल इतका नेटका सुटलेला दिसतो. पश्चिमी परंपरेत अनोळखी राहण्याचा अधिकार पाहणाऱ्याकडे होता; जव्हारमध्ये तो पाहिल्या जाणाऱ्याकडे आला. कॅमेऱ्यामागची व्यक्ती सर्वांच्या ओळखीची आहे आणि कॅमेऱ्यासमोरची स्वेच्छेने अनोळखी. आणि चेहरा झाकला गेल्यामुळे चौकटीतले उरलेले सारे, म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर, पाण्याचा हंडा, पायांतली चप्पल, एकदम बोलू लागते. ज्या 'मंगळवारा'ची उणीव वर सांगितली तो या चित्रांत आहे. मात्र तो मिळवण्यासाठी मुखवट्याचे वैचित्र्य वापरावे लागले, हेही दृष्टीआड करता येत नाही. कलादालनातल्या प्रेक्षकाने हंडा पाहिला की फक्त मुखवटा, याची खात्री कोण देणार? २०१७ साली ही चित्रे जर्मनीतील डोकुमेंटा प्रदर्शनात गेली, तेथे हा धोका जव्हारहून कितीतरी अधिक.

ब्रह्मपुरीकडे असा मुखवट्याचा उत्सव नाही. पण तिच्याकडे रंगभूमी आहे. नदीपलीकडचे वडसा हे झाडीपट्टीच्या नाट्यकंपन्यांचे केंद्र. भाऊबीजेनंतर मंडईचा हंगाम सुरू झाला की चौकाचौकांत नाटकांचे फलक लागतात, त्यांवर नटनट्यांचे मोठमोठे, रंगवल्यासारखे उजळ चेहरे. रात्री उशिरा पडदा वर जातो आणि पहाटे खाली येतो. या रंगमंचावरची कितीतरी माणसे दिवसा शेतकरी, शिक्षक, कारागीर असतात. म्हणजे ज्याचा चेहरा फलकावर आहे तोच माणूस त्या फलकाखालून सायकलवर बारदाना बांधून चालला आहे, हे येथे घडू शकते, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. फलक आणि वाटसरू यांचा शेजार हा रस्त्यावरच्या छायाचित्रणातला झिजलेला विनोद आहे: वर सुंदर नटी, खाली दमलेली बाई. शहरात तो विसंगतीवर चालतो. ब्रह्मपुरीत त्याच चौकटीत विसंगतीऐवजी सातत्य असू शकते, आणि बाहेरून आलेल्या डोळ्याला ते विसंगतीच वाटेल. ज्या छायाचित्रकाराने आदल्या रात्री ते नाटक पाहिले आहे, त्यालाच हे चित्र काढता येईल. कारण त्यालाच ते दिसेल.

या भागातला सर्वांत उद्योगी कॅमेरा मात्र कोणाच्याच हातात नाही. तो झाडाला, गुडघ्याच्या उंचीवर बांधलेला आहे. वन्यप्राण्यांच्या हालचालीची नोंद घेणारा हा कॅमेरा समोरून उष्ण देह गेला की आपोआप चालतो. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले आणि वन्यप्राण्यांची ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे निघाली. त्यांत वाघांची ७६,६५१. मराठी समीक्षेने ज्याला 'केवळ छायाचित्रण' म्हणून हिणवले ते खरोखरी अस्तित्वात असेल तर ते येथे आहे: मागे डोळा नसलेले, निवड नसलेले, शुद्ध दिसणे. परंतु उष्ण देह वाघाचाच असतो असे नाही. पहाटे मोहफुले वेचायला निघालेली बाई, तेंदूच्या हंगामात पानांचे ओझे घेऊन परतणारे कुटुंब, सरपण आणणाऱ्या मुली, गुराखी हे सारे याच पायवाटेने जातात आणि तेही टिपले जातात. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसराविषयी जे मांडले त्यातून कळते की ज्या स्त्रिया जंगलात, घरापासून दूर, मोकळेपणाने बोलत-गात असत, त्या या कॅमेऱ्यांच्या जाणिवेने गप्प होऊ लागल्या. प्राण्यांना दूर ठेवणारा त्यांचा आवाजच थांबला. डोळा नसलेली नजरही नजरच असते, हे त्या स्त्रियांना कोणत्याही सिद्धान्ताशिवाय कळले होते. मोहफुलांच्या टोपल्या, उजाडण्याआधीचे कोवळे धुके, पदर खोचून झपाट्याने चालणारी पावले, मागे धावत येणारे पोर: जंगलाकाठच्या दैनंदिन जीवनाचा एवढा विपुल संग्रह कोणत्याही छायाचित्रकाराने केलेला नाही. गणनेच्या कामात त्याचे वर्गीकरण होते, त्यांतून पट्टे मोजले जातात, आणि माणसांच्या चौकटी बाजूला काढल्या जातात.